बाटलीवर छाप कुणाची, घाम कुणाचा?



मनमाडच्या आसपास गाडी आली की खिडकीतून एक सुळका दिसतो. मूठ आवळून अंगठा तेवढा वर काढावा, अगदी तसा. आमच्यातली खानदेश-मराठवाड्याकडची माणसं सुटीला गावी जाताना लहानपणापासून तो बघत आली. म्हातारी माणसं त्याला हडबीची शेंडी म्हणत. आज डब्यातलं पोर खिडकीला नाक लावून ओरडतं, "बाबा, थम्सअपचा डोंगर आला!" डोंगर तिथंच आहे, दगड तोच आहे. नाव तेवढं बदललं. ते बदलायला कुणी सरकारी हुकूम काढला नाही, कुणी लाठीमार केला नाही. एका बाटलीवरच्या चित्रानं ते काम केलं.

आम्ही चार बुकं शिकलेली माणसं. पण नावाची ताकद काय असते हे आम्हाला कुणी शिकवायला नको. एका नावासाठी आणि त्या नावाखालच्या मुलखाच्या मालकीसाठी आपल्या बापजाद्यांनी छातीवर गोळ्या घेतल्या. म्हणून या सभेला येताना ज्या थंड पेयाच्या बाटलीनं तुम्ही घसा ओला केला, तिच्याबद्दल चार शब्द बोलायचे आहेत. हसू नका. या बाटलीत आपल्या चळवळीचा सगळा प्रश्न भरलेला आहे.

फोल्डिंग खात्यातली छाप

तुम्हा-आम्हाला माहीत आहे, सांच्यावरून उतरलेलं कापड कोरं असतं. त्याला नाव नसतं. सांचेवाल्यानं पाळीभर उभं राहून, तुटलेला धागा सांधून, कानठळ्या सोसून ते विणलेलं असतं. मग ते फोल्डिंग खात्यात जातं, ताग्याची घडी होते आणि त्याच्यावर छाप बसते. त्या छापेनं त्याचा भाव ठरतो. तोच धागा, तेच माप, पण एका छापेचा तागा दहा रुपये वार तर दुसऱ्या छापेचा पंधरा. वरचे पाच रुपये सांचेवाल्याच्या पाकिटात येतात का? कधीच नाही. ते छापेच्या धन्याचे.

बाटलीचा धंदा म्हणजे नुसतं फोल्डिंग खातं. तिथं छापेचा धनी सांचा चालवतच नाही.

ही गोष्ट नीट समजून घ्या. कोका-कोला हे पेय १८८६ साली अमेरिकेत अटलांटा शहरात निघालं. १८९९ साली दोन वकिलांनी कंपनीच्या मालकाकडून ते बाटलीत भरून विकायचे हक्क घेतले, तेही एका डॉलरला. म्हणतात, तो डॉलरसुद्धा कधी कुणी वसूल केला नाही. मालकाला वाटलं, बाटलीत काय आहे? पण तिथूनच धंद्याची तऱ्हा ठरली. कंपनी फक्त अर्क करते. गावोगावचा कारखानदार तो अर्क विकत घेतो, त्यात आपल्या गावचं पाणी घालतो, साखर घालतो, वायू भरतो, बूच मारतो आणि ट्रकनं दुकानोदुकानी पोचवतो. जमीन त्याची, यंत्रं त्याची, कामगार त्याचे, बाटल्या फुटल्या तर नुकसान त्याचं. कंपनीकडं राहतात दोनच गोष्टी : अर्क आणि नाव.

बाटलीतला बहुतेक भाग पाणीच असतो. उरलेल्यात मोठा वाटा साखरेचा. साखर उसाची, ऊस शेतकऱ्याचा, तो तोडणारा बीडकडचा मजूर. अर्काचा थेंब किती? चमच्याच्या मापाचा. तोसुद्धा साता समुद्रापलीकडून येतो असं समजू नका. कोका-कोलाचा अर्काचा कारखाना आपल्या पुण्याजवळ पिरंगुटला आहे. म्हणजे पाणी इथलं, हात इथले, अर्कसुद्धा इथं होतो. तरी धनी कोण? ज्याच्याकडं नाव आहे तो.

सत्त्याहत्तर सालची गोष्ट

हे पेय आपल्या देशात १९५० च्या सुमारास आलं. दिल्लीत प्युअर ड्रिंक्स नावाच्या देशी कंपनीनं ते बाटलीत भरायला घेतलं. सत्तावीस वर्षं धंदा जोरात चालला. १९७३ साली परकी चलनाचा कायदा झाला, की विलायती कंपनीनं आपला हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणावा. १९७७ साली जनता पक्षाचं राज्य आलं आणि उद्योगखात्याचे मंत्री झाले जॉर्ज फर्नांडिस. हे तेच जॉर्ज, ज्यांनी १९६७ साली दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पाडलं. मुंबई महाराष्ट्राला मिळू नये म्हणून कोण झटत होतं, ते जुन्या माणसांना सांगायला नको. सरकारनं कोका-कोलाला सांगितलं, हिस्सा उतरवा आणि अर्काची कृतीही हिंदी कंपनीच्या हाती द्या. कंपनीनं कृती दिली नाही. गाशा गुंडाळला आणि देश सोडला.

मग काय झालं? बाटल्या भरणारी यंत्रं इथंच होती. माणसं इथंच होती, पाणी इथंच होतं. देश तहानेनं मेला नाही. सरकारच्या मॉडर्न बेकरीनं डबल सेव्हन काढलं. त्याची कृती म्हैसूरच्या सरकारी अन्नसंशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी बसवली. प्युअर ड्रिंक्सनं कॅम्पा कोला काढला. विलेपार्ल्याच्या पार्ले कंपनीचं गोल्ड स्पॉट आधीपासून होतंच, तिनं थम्स अप काढलं. कृती, कृती म्हणून ज्याचा एवढा बाऊ केला होता, ती आपल्या माणसांनी वर्षभरात उभी केली. यंत्रावरचा हात कुशल असला तर छापेवाचून काम अडत नाही, हे त्या वर्षानं दाखवून दिलं.

पण डबल सेव्हन टिकलं नाही. सरकार बदललं, त्याचा वाली राहिला नाही. ती मॉडर्न कंपनीच २००० साली सरकारनं हिंदुस्थान लिव्हरला विकली. जनतेच्या पैशानं उभं केलेलं जनतेला न विचारता विकता येतं, हा धडाही त्यात आहे.

विकली गेलेली नावं

१९८८ साली पेप्सीला परवानगी मिळाली. पंजाबची सरकारी कंपनी आणि टाटांची व्होल्टास यांच्या भागीदारीत ती आली. नुसतं विलायती नाव लावता येणार नाही अशी अट होती, म्हणून बाटलीवर छापलं "लहर पेप्सी". आपला एक शब्द पुढं लावला की माल देशी झाला! १९९१ नंतर धोरण बदललं. मग लहर हळूहळू बारीक होत गेली आणि विरून गेली. पेप्सी राहिली. पाटीवर आपल्या भाषेचा एक शब्द लावला म्हणून घर आपलं होत नाही, हे याहून सोपं कोण सांगणार?

१९९३ साली कोका-कोला परत आली. ती येताना लढाई करत आली नाही, थैली घेऊन आली. पार्लेचं थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट ही नावं तिनं विकत घेतली. किंमत सुमारे सहा कोटी डॉलर, असं तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी छापलं. बाजाराचा निम्म्याहून मोठा हिस्सा त्या नावांकडं होता. गोल्ड स्पॉट पुढं बाजारातून काढून टाकलं, कारण त्याच्या जागी कंपनीला स्वतःचं फँटा बसवायचं होतं. थम्स अपलाही मागं ढकलून पाहिलं, पण लोक सोडीनात, म्हणून ते जगलं. २०२१ सालात त्या एका नावाची विक्री १०० कोटी डॉलरला पोचली, असं कंपनीनंच जाहीर केलं. विक्री म्हणजे नफा नव्हे, हे आम्हालाही कळतं. तरी सहा कोटीला घेतलेल्या नावानं किती पीक दिलं ते बघा. त्या पिकाला पाणी घालणारे हात कुणाचे?

आपल्या मुंबईची ड्यूक कंपनी १८८९ सालची, पांडोळे या पारशी घराण्याची. तिचं लेमोनेड, तिचं रास्पबेरी, तिचा मँगोला इराण्याच्या हॉटेलात बसून मुंबईच्या तीन पिढ्यांनी प्याला. बोनसच्या दिवशी पोराबाळांना घेऊन गिरणीकामगार इराण्याकडं जायचा, तेव्हा पोरं मँगोलाच मागायची. १९९४ साली ती कंपनी पेप्सीनं घेतली. पेप्सीपाशी आंब्याचं आपलं पेय होतंच. एका घरात दोन आंबे कशाला? मँगोला दुकानातून दिसेनासा झाला.

आणि हे बारीक अक्षरातलं वाचा. १९९७ साली कोका-कोलाला बाटल्या भरणारे कारखाने स्वतःच्या ताब्यात घ्यायची मुभा मिळाली, ती अशा अटीवर की पुढं ४९ टक्के शेअर इथल्या लोकांना द्यावे. २००३ साली ते देण्याची वेळ आली तेव्हा सरकारनं सवलत दिली, की या शेअरवाल्यांना मताचा हक्क नसला तरी चालेल. वाटा दिला, मत दिलं नाही! बंधूंनो, हे काही नवं वाटतं का? मुंबईत राबा, मुंबईत राहा, पण मुंबई कुणाची हे विचारू नका, असंच आपल्याला सांगत होते ना?

मालक आपला म्हणजे मालकी आपली?

आमच्यातला एक जुना सांचेवाला चहाच्या वेळी म्हणाला, "अरे, आता कशाला ओरडता? आता देशी मालक परत आले की."

आले, खरं आहे. कॅम्पा हे नाव २०२२ साली रिलायन्सनं सुमारे बावीस कोटी रुपयांना घेतलं आणि २०२३ साली पुन्हा बाजारात आणलं, छोटी बाटली दहा रुपयांना. सुरतेचं सोस्यो १९२३ सालचं, स्वदेशीच्या चळवळीतून निघालेलं पेय. त्याच्या कंपनीचा अर्धा हिस्सा २०२३ साली त्याच रिलायन्सनं घेतला. कोका-कोलाच्या इथल्या बाटलीधंद्याचा चाळीस टक्के हिस्सा जुबिलंट भारतीया हे देशी घराणं घेणार, असं २०२४ च्या डिसेंबरात जाहीर झालं. पेप्सीच्या बाटल्या भरणारी सर्वांत मोठी कंपनी वरुण बेव्हरेजेस, तीही देशी माणसाचीच.

तर मग आपण पेढे वाटायचे का?

इथं आम्हाला बाबू गेनूची आठवण होते. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा पोरगा, मुंबईत गिरणीत राबणारा. १९३० च्या १२ डिसेंबरला काळबादेवीत विलायती कापडाच्या लॉरीपुढं तो आडवा झाला आणि लॉरी त्याच्या अंगावरून गेली. आपल्याच जातीचा, म्हणजे कामगार जातीचा हुतात्मा. त्याच्या रक्तानं विलायती कापड अडलं आणि देशी गिरणीवाल्यांचं कापड खपलं. त्या कापडाचा पैसा कामगाराच्या चाळीत आला का? तो आला असता तर त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर मुंबईच्या कामगाराला वर्षानुवर्षं संप करावे लागले नसते. १९८२ च्या जानेवारीत अडीच लाख कामगार गिरणीबाहेर पडले, तेव्हा गिरण्यांचे मालक विलायती नव्हते. गिरण्या बंद पडल्या तेव्हा जमिनीचे तुकडे करून विकणारेही विलायती नव्हते. आज त्या जमिनींवर काचेचे बाजार उभे आहेत. काहींच्या दारावर गिरणीचं नाव तसंच ठेवलंय, शोभेला. भोंगा गेला, कामगार गेला, नाव राहिलं.

म्हणून आम्ही म्हणतो, स्वदेशी मालक हवा यात वाद नाही. बाबू गेनूचं रक्त वाया गेलं असं म्हणणारे आम्ही नव्हेत. देशातला पैसा देशात राहिला पाहिजे. पण तेवढ्यावर थांबणाऱ्याला आम्ही विचारतो, मालक आपल्या रंगाचा झाला म्हणून आपण मालक झालो का? पार्लेचे मालक देशीच होते. थैली समोर आली तेव्हा त्यांनी नाव विकलं. त्यांना आम्ही शिव्या देत नाही, धंदा धंद्याच्या रीतीनं चालतो. फक्त एवढंच दाखवतो, की जे एका माणसाच्या सहीनं विकता येतं, ते लोकांचं कधी नव्हतंच.

पाणी कुणाचं?

नाव विकलं तर नाव जातं. पाणी गेलं तर गाव जातं.

केरळात पालघाट जिल्ह्यात प्लाचीमाडा नावाचं गाव आहे. तिथं २००० साली कोका-कोलाचा कारखाना सुरू झाला. थोड्या दिवसांत गावकऱ्यांची तक्रार सुरू झाली, की विहिरी आटल्या, उरलेलं पाणी पिण्याजोगं राहिलं नाही. २००२ च्या एप्रिलात तिथल्या आदिवासींनी कारखान्याच्या दारापुढं ठिय्या मांडला. पुढारी होती मयिलम्मा नावाची आदिवासी बाई. ना शिक्षण, ना पैसा. ग्रामपंचायतीनं परवान्याला नकार दिला आणि २००४ च्या मार्चमध्ये कारखाना बंद पडला तो पडलाच. २०१० साली सरकारनं नेमलेल्या समितीनं गावाचं नुकसान २१६ कोटींचं धरलं. भरपाईसाठी केरळच्या विधानसभेनं २०११ साली विधेयक मंजूर केलं, पण त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. गावकऱ्यांचं गाऱ्हाणं त्यांच्या भाषेत ऐकणारी पंचायत होती, त्यांच्या भाषेत चालणारी विधानसभा होती, म्हणून गोष्ट तिथवर तरी गेली. केरळ हे राज्य १९५६ साली भाषेवरच झालं. लोकांच्या भाषेचं राज्य कशाला हवं, असं विचारणाऱ्यांना हे उत्तर आहे. तक्रार ज्या भाषेत निघते, त्याच भाषेत कचेरी चालली पाहिजे. सीमाभागातला आपला मराठी माणूस आज परक्या भाषेतला सातबारा हातात घेऊन उभा राहतो, तेव्हा त्याला याचा अर्थ कळतो.

आता आपल्या हातातल्या बाटलीकडं बघा. आत काय आहे ते कुठल्या भाषेत लिहिलंय? कायदा म्हणतो, मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की पुरे. मराठी लिहायचं की नाही ही कंपनीची मर्जी. जाहिरात मात्र मराठीत होते हो! सणावाराला पाट्या मराठीत लागतात, मराठी नट मराठीत बोलतो. विकताना मराठी, सांगताना इंग्रजी. किती साखर आहे, कुठं भरलं, कुणी भरलं, हे मराठी आईला कळायला नको. २००३ साली दिल्लीच्या एका संस्थेनं या पेयांत कीटकनाशकं सापडल्याचं जाहीर केलं. शरद पवारांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीनं २००४ साली ते निष्कर्ष खरे धरले. असल्या गोष्टी समजायच्या तर लोकांच्या भाषेत लिहायला नको का?

मग आम्ही काय मागतो?

आम्ही बाटल्या फोडा म्हणत नाही. बाटली फोडली तर काच गोळा करायला आपल्यातलीच बाई येते, आणि कारखाना बंद पडला तर आपल्यातल्याच कुणाचं तरी पोर घरी बसतं. उन्हाळ्यापुरता कंत्राटावर घेतलेला बाटलीकामगार आणि गिरणीच्या दारात उभा राहणारा बदली कामगार हे सख्खे भाऊ आहेत.

आमचं मागणं असं. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बाटलीवर आतला माल, भरणाऱ्या कारखान्याचं गाव आणि नावाचा खरा धनी कोण, हे मराठीत छापलं पाहिजे. नाव विकलं जाईल, कारखाना एका हातातून दुसऱ्या हातात जाईल, तेव्हा कामगाराची नोकरी, त्याची जुनी सेवा आणि त्याची युनियन त्या सौद्यात पहिल्या कलमाला लिहिली पाहिजे. कारखान्याला पाणी देण्याआधी गावच्या विहिरीचा आणि शेताचा हिशेब ग्रामसभेपुढं, मराठीत, मांडला पाहिजे. आणि हंगामी कामगाराला हंगाम संपला की रस्त्यावर टाकायचं बंद झालं पाहिजे.

कुणी म्हणेल, हे होणार कसं? आम्ही म्हणतो, याहून अवघड झालेलं आहे. १९५० च्या सुमाराला प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांनी विठ्ठलराव विखे पाटलांच्या मागं उभं राहून स्वतःच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला. उसाचा धनी कारखान्याचा धनी झाला. पुढं काही सहकारी कारखान्यांत चेअरमनच सावकार झाले, तेही आम्ही विसरलो नाही. राखण सोडली की पीक चोर नेतो, एवढाच त्याचा अर्थ. पेरणीच चुकीची होती असा नव्हे.

बंधू-भगिनींनो, १९५५-५६ साली थैलीवाले म्हणत होते, मुंबई आमची, कारण पैसा आमचा. गिरणगाव म्हणालं, मुंबई आमची, कारण घाम आमचा. १९५५ च्या २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनपाशी गोळ्या झाडल्या, तरी गिरणगावानं आपलं उत्तर बदललं नाही, आणि १९६० च्या १ मेला राज्य घ्यावं लागलं नाही, तर त्यांना द्यावं लागलं. पण त्या वादाचा निकाल अजून अर्धाच लागला आहे. पाटीवर महाराष्ट्र लिहिलं गेलं. पाटीखालच्या गिरणीचा, जमिनीचा, पाण्याचा, बाटलीचा निकाल लागायचा आहे. आणि बेळगाव-निपाणी-कारवारच्या आपल्या भावांना तर पाटीसुद्धा मिळालेली नाही.

म्हणून सभेहून घरी जाताना एक करा. बाटली हातात घ्या, बारीक अक्षरं पोराकडून वाचून घ्या आणि त्याला विचारा, यातलं आपलं काय? आणि मनमाडवरून गाडी जाईल तेव्हा खिडकीशी बसलेल्या पोराला सांगा, बाळा, त्या डोंगराचं नाव हडबीची शेंडी. तो कुठल्या कंपनीनं उभा केलेला नाही.

छाप त्यांची, घाम आमचा, हे यापुढं चालणार नाही!
बेळगाव, निपाणी, कारवार, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!